नऊच नावं

ऑकलंडच्या हिल्सबरोमधल्या त्या घरी डिटेक्टिव्ह सार्जंट अनुराधा राजवाडे पोचली तेव्हा घरामागच्या लाकडी डेकवरच्या दोरीवर अर्धे कपडे अजून भिजत होते. उरलेले अर्धे टोपलीत होते, आणि टोपली डेकवर आडवी पडली होती.

डेकवरून मागच्या उतारावर जायला लाकडी जिना होता. जिन्याच्या तळाशी, काँक्रीटच्या ओट्यावर, देवव्रत कर्णिक उताणा पडला होता. एका पायात जँडल, म्हणजे रबरी चप्पल, होती, दुसरी वर डेकवरच राहिली होती. डोक्याखाली सोफ्यावरची निळी उशी होती. पावसाने ती फुगली होती.

"पाय घसरला?" अनुराधाने विचारलं.

"असेल," पोलिसांच्या डॉक्टर म्हणाल्या. "पण जिना उतरताना घसरणारा माणूस पायऱ्यांवर बसतो आणि आपटत खाली येतो. याच्या पाठीला पायरीचा एक ओरखडा नाही. हा वरून, उलटा, थेट खाली आलाय. मागे सरताना तोल गेला असेल. नाहीतर कुणीतरी ढकललं असेल."

"आणि उशी?"

"ती पडल्यानंतर ठेवली. कुणी ठेवली ते मला नका विचारू."

देवव्रतची बायको स्वयंपाकघरात बसली होती. दमयंती कर्णिक. अंगावर हॉस्पिटलचा निळा युनिफॉर्म, गुडघ्यांवर चिखल. ऑकलंडच्या हॉस्पिटलमध्ये ती अकरा वर्षं नर्स होती. समोरचा चहा कुणीतरी करून दिला होता आणि तो तसाच निवला होता.

"दमयंतीताई, मी अनुराधा. मराठीत बोललं तर चालेल?"

तिने मान हलवली.

"तुम्ही घरी कशा आलात?"

"ड्यूटी संपवून. गाडी लावली आणि तिथूनच दिसला तो. बाजूच्या वाटेने धावत खाली गेले. १११ला, इमर्जन्सीला फोन लावला. अँब्युलन्स येईपर्यंत तिथेच बसले, त्याचा हात धरून. एक क्षणही हलले नाही."

"त्याच्या डोक्याखाली उशी होती."

दमयंतीने कप थोडा पुढे सरकवला. "मी ठेवली."

"बरं. आज देवव्रत घरून काम करत होते?"

"शुक्रवारी घरूनच करतो. पेनरोजच्या एका गोदामाची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळतो ना. आणि शुक्रवारी त्याची ती यादी असते."

"कसली यादी?"

उत्तर दारातून आलं. कॉन्स्टेबल टेविटा फोन हातात धरून उभा होता. "सार्जंट, जरा बाहेर येता? मला वाटतं एका मेलेल्या माणसाने वेबसाइटवर काहीतरी टाकलंय."

*

टेविटाचा पुतण्या कॉलेजच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचा. न्यूझीलंडमध्ये कॉलेज म्हणजे हायस्कूलच, पण त्या फुटबॉलसाठी घरंच्या घरं वेडी होतात. त्यामुळे 'टचलाइन टेन' काय आहे हे टेविटाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानेच अनुराधाला सांगितलं.

ऑकलंडच्या कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान म्हणजे पोहुतुकावा मेडल. वर्षातून एका खेळाडूला मिळतं. त्या शर्यतीत कोण कुठे आहे याची दहा नावांची क्रमवारी देवव्रत दर शुक्रवारी आपल्या साइटवर टाकायचा. शनिवारी फोल्डिंगची खुर्ची घेऊन तो मैदानावर बसे. कुणाचे पास पोचले, दमल्यावर कोण परत धावला, सगळं बघे. नावापुढे चार-पाच ओळींत तो कारण लिही. पाच वर्षांत त्याच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी केला नव्हता. मेडलची समिती त्याला बांधील नव्हती, पण तिची नामांकनं याच दहांतून येत. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे कोचसुद्धा ती यादी वाचत.

साइटच्या डोक्यावर एक ओळ कायमची होती: 'माझा मुलगा गंधार हाही खेळतो. त्याचं नाव या यादीत कधीही येणार नाही.'

"आजची यादी हंगामातली शेवटची," टेविटा म्हणाला. "चारच्या सुमाराला आली. आणि हे बघा."

त्याने पुराव्याच्या पिशवीतलं, प्रेताच्या मनगटावरून काढलेलं घड्याळ दाखवलं. देवव्रत धावायला जाताना वापरायचा ते. हृदयाचे ठोके मोजणारं. दुपारी एका क्षणी ठोके एकदम चढले होते, मग काही मिनिटं वेडेवाकडे पडत राहिले, मग थांबले. यादी त्यानंतर प्रसिद्ध झाली होती.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर देवव्रतचा लॅपटॉप उघडाच होता.

"म्हणजे तो खाली मरून पडला होता आणि कुणीतरी इथे उभं राहून यादी लावली," अनुराधा म्हणाली.

तिने टेविटाच्या फोनवर यादी वाचली. पहिला अभिषेक मोहिते, मग बाकीचे. खाली जाऊन ती पुन्हा वर आली.

"टेविटा, हे टेन आहे ना?"

"हो."

"मग नऊच नावं का आहेत?"

*

गंधार शेजारच्यांकडे होता. सतरा वर्षांचा, उंच, बापासारखंच रुंद कपाळ. शेजारीणबाईंनी त्याच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं होतं. अनुराधा मराठीत विचारत होती. त्याला सगळं कळत होतं, पण उत्तरं तो इंग्रजीत देत होता.

"आज घरी कधी आलास?"

"आईचा फोन आल्यावर. ट्रेनिंगला होतो."

"शाळा सुटल्यावर आधी घरी आला नाहीस?"

"नाह. थेट ट्रेनिंगला."

"बाबांशी शेवटचं कधी बोललास?"

"सकाळी. त्यांनी टोस्ट केला होता. मी नाही खाल्ला." त्याने ब्लँकेट ओढून घेतलं.

"यादीत तुझं नाव नसायचं. राग नाही यायचा?"

"बाबांचा रूल होता तो. फेअर इनफ."

"आजची यादी पाहिलीस?"

"नाही."

"तुझ्या मते पहिला कोण?"

त्याने ब्लँकेटची कड बोटाला गुंडाळली. "अभिषेक. तो हीप्स, म्हणजे खूपच चांगला खेळतो."

अनुराधा उठली. पोर तिच्याकडे न बघता आपल्या तळहातांकडे बघत होतं.

*

शेजारीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. दुपारी जेवणाच्या वेळेनंतर कर्णिकांच्या दारात एक पांढरी गाडी उभी होती. घरात दोन पुरुष तुमच्या भाषेत मोठमोठ्याने बोलत होते. मग गाडी गेली.

गाडी सुरेश मोहितेची होती. अभिषेकचा बाप. पुण्याहून इंजिनिअर म्हणून आलेला, माउंट रॉस्किलला राहणारा. शनिवारी सकाळी पोलीस स्टेशनवर तो अनुराधासमोर बसला तेव्हा त्याची दाढी वाढली होती.

"तुम्ही काल देवव्रतकडे गेला होतात?"

"गेलो होतो."

"कशाला?"

"भांडायला." तो सरळ म्हणाला. "मागच्या आठवड्यात त्याने अभिषेकला तिसरा टाकला. सगळा हंगाम पहिला, आणि शेवटाला येऊन तिसरा! मला झोप नव्हती. म्हटलं तोंडावर विचारू."

"मग?"

"मी ओरडलो. तोही ओरडला. मग त्याने चहा टाकला." सुरेशने दाढीवरून हात फिरवला. "असाच होता तो. म्हणाला, सुरेश, यादी तयार आहे. अभिषेक दुसरा आहे. वाचशील तेव्हा तूच म्हणशील, बरोबर आहे."

"दुसरा? तुम्हाला खात्री आहे?"

"बापाला ऐकू येतं ते नीट, मॅडम."

"पहिला कोण ते नाही विचारलंत?"

"विचारलं ना. तो म्हणाला, त्या एका नावापायी मी आठवडाभर जागा आहे. नाव नाही सांगितलं. म्हणाला, आज त्याला आधी सांगायचंय, मग जगाला."

"यादीत अभिषेक पहिला आलाय."

"पाहिलं मी. घरी पेढे आणले होते अभिषेकच्या आईने. तेवढ्यात देवव्रतची बातमी आली." तो पुढे वाकला. "तुम्हाला वाटतंय मी बदललं. मग मी तुम्हाला दुसरा कशाला सांगेन? गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं?"

"तिथून तुम्ही कुठे गेलात?"

"पेनरोजला. आमची मीटिंग होती. आठजण होते, विचारा कुणालाही."

टेविटाने विचारलं. आठहीजणांनी सांगितलं की घड्याळातले ठोके चढले तेव्हा सुरेश मोहिते फळ्यासमोर उभा राहून पंपाची आकृती काढत होता.

*

दुपारी अनुराधाने १११च्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. दमयंती फोनवर रडत नव्हती. पत्ता सांगत होती, नाडी नाही म्हणत होती. पलीकडची मुलगी म्हणाली, त्यांची मान आणि डोकं अजिबात हलवू नका. दमयंती म्हणाली, मला माहितीये, मी नर्स आहे. मग अँब्युलन्सचा भोंगा येईपर्यंत ती नवऱ्याचं नाव घेत राहिली. एकदाही दार वाजलं नाही, पावलं दूर गेली नाहीत.

अनुराधाने रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. मग तिने घरात पहिल्यांदा शिरलेल्या पोलिसाला फोन केला.

"सोफ्याच्या खोलीतला गालिचा कसा होता? चिखलाच्या पावलांचे ठसे?"

"काहीच नव्हतं, सार्जंट. मी बघूनच आत गेलो. थोडा दमट, पण चिखलाचा एकही डाग नाही."

तिथून ती कॉलेजवर गेली. गंधारचे कोच डंकन साठीचे होते. पावसाने मैदान बंद होतं, म्हणून ते जिममध्ये एकटेच जाळ्या गुंडाळत होते.

"गंधार काल ट्रेनिंगला होता?"

"होता."

"सुरुवातीपासून?"

त्यांनी जाळी खाली ठेवली. "नाही. बराच उशिरा आला. आणि नखशिखांत भिजलेला. मी म्हटलं, बेटा, आपण आज जिममध्ये आहोत, वर्गातून इथवर सगळं छपराखालून येता येतं. तू कुठल्या पावसात होतास?"

"मग?"

"मुलं फोनवर यादी बघत होती. एकाने त्याच्यापुढे फोन धरला, म्हणाला, तुझ्या बाबांना दहापर्यंत मोजता येत नाही का रे? सगळे हसले. गंधार बाहेर गेला. मी मागोमाग गेलो तर तो भिंतीला धरून ओकत होता. थोड्या वेळाने त्याच्या आईचा फोन आला."

"कसा खेळतो तो?"

डंकन बाकावर टेकले. "मी तीस वर्षं पोरं शिकवतोय. याच्यासारखा एकही नाही. त्याचं आडनाव दुसरं काही असतं तर एप्रिलपासून तोच पहिला असता. हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या बाबांनासुद्धा."

"काल काही विशेष घडलं होतं?"

"माझीच चूक म्हणा. ओहायोच्या एका विद्यापीठाच्या कोचला गंधार आवडला होता. काल सकाळी त्याची ईमेल आली. म्हणे, मेडलच्या नामांकनात नाव असेल तरच स्कॉलरशिपचं बघता येईल. मी ते लंच ब्रेकमध्ये गंधारला सांगितलं. सोमवारपर्यंत थांबायला हवं होतं."

गाडीत बसल्यावर टेविटा म्हणाला, "मुलाला राग होता, मान्य. पण यादी? बापावर राग असलेला मुलगा स्वतःचं नाव यादीत घुसवेल. यात तर त्याचं नावच नाही."

अनुराधाने गाडी सुरू केली नाही. काचेवरून पाणी ओघळत होतं.

"तेच तर," ती म्हणाली.

*

रविवारी सकाळी कर्णिकांच्या घरी दारात चपलांचा ढीग होता. लोक भेटून, डबे ठेवून गेले. सुरेश मोहिते मात्र कोपऱ्यात बसून होता. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि त्याला उठवत नव्हतं. दमयंती सोफ्यावर, तिच्या शेजारी गंधार. सोफ्यावर एका उशीची जागा रिकामी होती.

"सुरेशजी, तुम्ही थांबा," अनुराधा म्हणाली. "तुमच्याबद्दल लोक काय काय बोलताहेत, तेव्हा तुम्हालाही ऐकायचा हक्क आहे. गंधार, तुला एक शब्दही बोलायची सक्ती नाही. तुला वकील मिळेल. मी बोलते, तू नुसता ऐक. आई शेजारी आहे."

गंधारने मान हलवली. टेविटा दाराशी उभा राहिला.

"यादीपासून सुरुवात करते. देवव्रतनी सुरेशजींना सांगितलं, अभिषेक दुसरा. दोन तासांत तो पहिला झाला. मला आधी वाटलं, कुणीतरी अभिषेकला उचलून वर ठेवलं. पण मग नावं नऊ का? त्याचं उत्तर एकच. अभिषेकला कुणी हलवलंच नाही. त्याच्या वरचं नाव काढलं. पहिला गेला की दुसरा आपोआप पहिला होतो आणि दहाचे नऊ राहतात."

सुरेशने डोकं वर केलं.

"मग काढलं ते कुणाचं? मागच्या आठवड्याची यादी घ्या. त्यातले पहिले नऊजण जागा बदलून या यादीतही आहेत. फक्त दहावा गेला. म्हणजे जो पहिला आला तो बाहेरून आला. पूर्वी यादीत कधीच नव्हता, आणि आला तो एकदम पहिल्या जागेवर. ज्या नावापायी देवव्रतसारखा माणूस आठवडाभर जागा राहतो. जे नाव जगाला सांगायच्या आधी त्याला त्या मुलाशी बोलायचं होतं." तिने गंधारकडे बघितलं. "असा ऑकलंडमध्ये एकच खेळाडू होता."

दमयंतीने डोळे मिटून घेतले.

"आता ते नाव काढलं कुणी? फायदा बघितला तर सुरेशजींनी. पण ते पेनरोजला होते. आणि ज्याने यादीला हात लावला, त्यानेच उशी ठेवली. परक्या माणसाने ढकलून दिलं असतं तर तो पळाला असता. सोफ्यावरची उशी आणून डोक्याखाली ठेवली नसती."

"ती मी ठेवली," दमयंती म्हणाली.

"नाही, ताई. गालिच्यावर चिखलाचा एकही डाग नव्हता, आणि तुमच्या गुडघ्यांपर्यंत चिखल होता. अँब्युलन्स येईपर्यंत तुम्ही घरात शिरलाच नव्हतात. फोनवर तुम्ही स्वतः म्हणालात, मान हलवायची नाही हे मला माहितीये. अकरा वर्षांची नर्स डोक्याला मार लागलेल्या माणसाची मान उचलून उशी सारणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा उशी तिथे होती. ती बघून तुम्हाला कळलं."

दमयंतीने सोफ्यावरच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला.

"लहानपणी," ती म्हणाली, "बागेत कुणी पोर पडलं, की हा गंधार घरात धावत जायचा आणि उशी घेऊन यायचा. मी हसायचे. म्हणायचे, अरे डॉक्टर, आधी बघ तरी कुठे लागलंय."

"गंधार ट्रेनिंगला उशिरा गेला, चिंब भिजून," अनुराधा म्हणाली. "यादी पाहिली नाही असं मला सांगितलं, पण ती त्याने जिममध्ये पाहिली होती, आणि त्याच्याही आधी, इथे. अभिषेकचं भलं व्हावं म्हणून कुणी ते नाव काढलं नाही. ज्याचं नाव होतं, त्यालाच ते तिथे सहन झालं नाही."

गंधार बोलू लागला. अनुराधाने त्याला थांबवलं, वकिलाची आठवण करून दिली. त्याने मान हलवली आणि तो बोलतच राहिला, इंग्रजीत, भराभरा, अडखळत.

ईमेलचं कळल्यावर पुढचे तास त्याने कसे काढले ते त्याला आठवत नव्हतं. शाळा सुटली तसा तो घरी चालत आला. पाऊस होता. बाबा डेकवर दोरीवरचे कपडे काढत होते. त्याला बघून हसले. म्हणाले, बरं झालं लवकर आलास, मला तुला काहीतरी दाखवायचंय.

"मी ऐकलंच नाही. मी म्हटलं, तुमच्या प्रामाणिकपणाची किंमत मी का द्यायची? सगळे तुम्हाला ग्रेट म्हणतात, आणि त्यासाठी माझा बळी. बाबा म्हणत होते, आधी वाच. अरे, एकदा वाच तर. माझा दंड धरला त्यांनी, आत न्यायला. मी झटकला. जोरात. दोन्ही हातांनी." त्याने हात पुढे केले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "ते टोपलीला अडखळले. मागे जिना होता."

"मग?"

"मी जिन्याने खाली गेलो. बाबा म्हटलं. त्यांचे डोळे उघडे होते. डोकं काँक्रीटवर होतं, म्हणून मी उशी आणली. मग फोनसाठी आत गेलो. माझा फोन ओट्यावर टाकला होता, लॅपटॉपजवळ. यादी उघडीच होती. वर माझं नाव."

दमयंतीने त्याच्याकडे बघितलं. तिला हे माहीत नव्हतं.

"काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"आई, नको."

"मला ऐकायचंय. काय लिहिलं होतं त्याने तुझ्याबद्दल?"

गंधारने ओठ पुसले. "लिहिलं होतं, की मी पाच वर्षं ही यादी प्रामाणिक आहे असं समजत होतो. पण सगळ्यात चांगल्या खेळाडूला तो माझा मुलगा आहे म्हणून बाहेर ठेवणं हा प्रामाणिकपणा नाही. लोक मला काय म्हणतील याची ती भीती आहे. माझ्या भीतीची शिक्षा त्याने न कुरकुरता भोगली." त्याने आईकडे बघितलं. "न कुरकुरता, असं लिहिलं होतं त्यांनी."

सुरेश मोहितेने तोंडावर हात ठेवला.

"मी परत खाली गेलो तर ते श्वास घेत नव्हते. मग मी वर आलो आणि माझं नाव पुसलं. ते माझं नव्हतं राहिलं. पण बाकीच्यांची नावं होती, मुलं वाट बघत होती, बाबांनी कधी शुक्रवार चुकवला नाही. म्हणून बटण दाबलं. आणि ट्रेनिंगला गेलो. मला दुसरं कुठे जायचं ते कळेना."

दमयंतीने त्याला जवळ ओढलं. तिच्यापेक्षा हातभर उंच मुलगा तिच्या खांद्यावर वाकला. टेविटाने नजर खिडकीकडे वळवली. अनुराधाने दोघांना वेळ दिला. मग तिने आपलं काम केलं.

*

पोहुतुकावा मेडल अभिषेकला मिळालं. तो स्टेजवर गेला, मेडल घेतलं, भाषणाची वेळ आली तेव्हा "थँक यू" एवढंच म्हणाला आणि उतरला. सुरेश टाळ्या वाजवताना रडत होता. लोकांना वाटलं, आनंदाने.

गंधारने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. वकिलाने लढवता येईल असं सुचवलं होतं. तो नको म्हणाला. त्या दिवशी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर दमयंती एकटी बसली होती. अनुराधा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"डॉक्टरांशी मी पुन्हा बोलले," ती म्हणाली. "ती जखम अशी होती, की देवव्रत हॉस्पिटलच्या दारात पडले असते तरी वाचले नसते. हे तुम्हाला सांगायचं होतं. गंधारलाही सांगितलंय."

दमयंतीने पर्समधून फोन काढला. मिस्ड कॉलची यादी उघडून अनुराधापुढे धरली. त्या शुक्रवारची दुपार. गंधार. एकच कॉल.

"बाबा पडल्यावर त्याने मला फोन केला होता," ती म्हणाली. "१११ला नाही. मला. मी एका पेशंटला कुशीवर वळवत होते. फोन खिशात थरथरला. म्हटलं, नंतर बघू. डबा संपवला म्हणून सांगायला केला असेल."

"ताई, तुम्ही उचलला असता तरी देवव्रत…"

"माहितीये मला. देवव्रत गेलाच असता." तिने फोन बंद केला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. "पण गंधार त्या घरात एकटा नसता पडला."

आतून शिपायाने कर्णिक म्हणून नाव पुकारलं. दमयंती उठली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि मुलाला बघायला आत गेली.